घरी जायचंय, पण एकटीनं?

ताई, नमस्कार.

मी सांगलीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता वय ६८. मिस्टरांना जाऊन चार वर्षं झाली. मे महिन्याच्या शेवटी मुलाकडे शिकागोला आले. येताना ओळखीचं एक जोडपं सोबत होतं, ते मागंच परतलं. माझी इथली मुदत नोव्हेंबरअखेर संपते. मुलगा म्हणतो, ‘मुदतवाढीचा अर्ज करू. डिसेंबरात आम्ही सगळे येणारच आहोत, तेव्हा बरोबर जाऊ. एकटीनं कशाला?’ सून चांगली आहे, नातवाचा लळा आहे, कशाची ददात नाही. पण मला आता घरी जावंसं वाटतंय. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय, दाताचं काम अर्धं राहिलंय, भिशीत यंदा माझा नंबर आहे, घर इतके महिने बंद आहे. ऑगस्टभर इथं बसून रोज आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघत होते.

भीती एकटीच्या प्रवासाची. दोन वर्षांपूर्वी अशीच एकटी परतले होते. पहिलं विमान उशिरा सुटलं, मधल्या विमानतळावर पुढचं चुकलं. व्हीलचेअर घेतली होती. ढकलणाऱ्या मुलानं एका खांबापाशी नेऊन बसवलं, ‘वेट’ म्हणाला आणि गेला तो दोन-अडीच तास आलाच नाही. बाथरूमला जायचं होतं, सांगायचं कुणाला? इंग्रजी वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की ततपप होतं. मुंबईत एक बॅग आलीच नाही. बाहेरून ड्रायव्हरचे फोनवर फोन, म्हणून तशीच निघाले. पुढं ती बॅग मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. मुलाला यातलं निम्मंच सांगितलंय. थांबू का डिसेंबरपर्यंत?

ता. क. मुलाच्या ओळखीतल्या एक बाई पुण्यात कुणाला द्यायला छोटं पार्सल देणार आहेत. औषधं आहेत म्हणे. घेऊ का?

— एक आजी, मु. पो. सध्या शिकागो

बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. आधी उत्तर देऊन टाकते: थांबू नका. दिवाळी नातवाबरोबर करा आणि नोव्हेंबरच्या मध्याला निघा. तिकडं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. त्या आठवड्यात विमानतळांवर आपल्याकडच्या दिवाळीतल्या स्वारगेटसारखी गर्दी उसळते. त्याच्या आधी सुटा.

आता तुमच्या कारणांकडे येते. घरी जायची चार कारणं तुम्ही लिहिलीत आणि चारही लेचीपेची आहेत. हयातीचा दाखला आता बऱ्याच पेन्शनरांना मोबाईलला चेहरा दाखवून काढता येतो. तुमच्याकडे चालतो का, ते बँकेला एक फोन केला की कळेल. दात महिनाभर कळ काढेल. भिशीचे पैसे बुडत नाहीत. घराची किल्ली कुणाकडे तरी असणारच. मुलांपुढं अशी कारणं मांडली की ती लगेच एकेक कारण सोडवायला बसतात. आठवड्यात तुमची चारही कारणं निकालात काढून तो म्हणेल, ‘झालं ना आई? आता थांब.’ मग बोलायला तुमच्याकडे काही उरणार नाही. खरं कारण तुम्ही एका ओळीत लिहून घाईघाईनं पुढं सरकलात. मला घरी जावंसं वाटतंय, एवढंच. ते पुरेसं आहे. कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा खुणेकडं सरकतंय का, हे शिकागोत बसून रोज बघणाऱ्या बाईला मी ‘अजून दोन महिने थांबा’ कशी म्हणू? २०१९चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांचा जीव पावसाळाभर तिथंच असतो.

तेव्हा मुलाला सरळ सांगा: ‘अरे, तुमच्याकडे काही कमी नाही. रुसले नाही, कंटाळलेही नाही. पण मला माझ्या घरी जायचंय. दिवाळी झाली की निघते. तिकीट तू काढ, फक्त मी सांगते तसं काढ.’ शेवटचं वाक्य विसरू नका. मुलांच्या हाती काम दिलं की त्यांना वाईट वाटायला सवड मिळत नाही.

आणि मागच्या वेळचं न सांगितलेलं निम्मंही सांगून टाका. तुम्ही त्याचा जीव जपायला गप्प राहिलात, पण दीड तासात विमान बदलायचं तिकीट काढलं तर आईचं काय होतं हे त्याला कळलंच नाही. पुन्हा तो तसंच स्वस्तातलं तिकीट काढेल.

मुदतीचं एक सांगते, कारण यात पुष्कळ आई-वडील फसतात. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी तिथं किती दिवस राहायचं ते आय-९४ नावाच्या प्रवेशनोंदीवरची तारीख ठरवते. पर्यटक व्हिसावर ती सहसा सहा महिन्यांची असते. मुदतवाढ मागता येते, अर्ज मात्र त्या तारखेच्या आत गेला पाहिजे. तुमचा मुलगा म्हणतो ते बेकायदा नाही. पण निव्वळ सोबत मिळावी म्हणून सरकारदरबारी अर्ज करायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं, हा द्राविडी प्राणायाम मला तरी पटत नाही.

तर तिकीट. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआर नंबरवर हवीत. तसं असेल तर पहिल्याच्या उशिरानं दुसरं चुकल्यावर तुम्हाला पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसरी कंपनी हात वर करते. मधला वेळ तीन तासांहून कमी नको, चार असले तरी चालतील. व्हीलचेअरवाल्यांना विमानात आधी चढवतात, पण उतरवतात सगळ्यांच्या शेवटी, आणि त्यात अर्धा तास सहज जातो. हे तिकीट काढणाऱ्या तरण्या पोरांच्या गावीही नसतं. सीट चालायच्या वाटेकडेची घ्या. खिडकी नातवाला फोटो पाठवायला बरी, पण रात्री उठायचं म्हणजे दोन झोपलेली माणसं उठवावी लागतात.

जेवण तिकिटाबरोबरच नोंदवायचं असतं आणि इथं एक गंमत आहे. यादीत ‘हिंदू मील’ दिसतं आणि मुलं भाबडेपणानं तेच निवडतात. त्यात गोमांस नसतं इतकंच. कोंबडी, मासे किंवा मटण असू शकतं. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ सांगा. ते बहुधा बाकीच्यांच्या आधी येतं. शेजारचे टकामका बघतात, बघू द्यात.

आता व्हीलचेअर. गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल तर लाजायचं काही कारण नाही. किमान दोन दिवस आधी मागणी नोंदवायची. पण केवळ बोलायच्या धास्तीपोटी तुम्ही ती घेत असाल तर मी विरुद्ध मत देईन. खुर्चीत बसलेलं माणूस दुसऱ्याच्या हातात जातं. खांबापाशी ठेवलं की तिथंच. चालता येत असेल तर ‘मीट अँड असिस्ट’ नावाची सोय विचारा. यात माणूस सोबत येतो, रस्ता दाखवतो, तुम्ही आपल्या पायांनी चालता. काही ठिकाणी तिला पैसे पडतात, पण पडले तरी पडू देत.

खुर्ची घेतलीच, तर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास ढकलणाऱ्याच्या हातात राहू द्यायचे नाहीत. दाखवायला द्यायचे आणि लगेच परत आपल्या पर्समध्ये. खुर्चीत बसण्यापूर्वी बाथरूमला जाऊन यायचं. कुठं थांबवलं तर जायच्या आधी त्याला बोर्डिंग पासवरची वेळ बोटानं दाखवायची आणि विचारायचं, ‘व्हॉट टाइम यू कम?’ व्याकरणाची फिकीर नको. तुम्ही वर्गात नाही, विमानतळावर आहात. त्या वेळेला तो आला नाही तर जवळच्या कुठल्याही गेटवरच्या गणवेशातल्या माणसाकडे जायचं. हो, खुर्चीतून उठून. उठलं तर कुणी दंड करत नाही. मागच्या वेळी तुम्ही अडीच तास बसून राहिलात त्याचं कारण इंग्रजी नव्हतं, बाई. आपल्याला बसवलंय म्हणजे बसलंच पाहिजे, असं आपल्या पिढीच्या बायकांना वाटतं. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणाऱ्या बाईला एका पोरगेल्या माणसाला ‘एक्सक्यूज मी’ म्हणायला काय जड आहे?

नातवाकडून एक कार्ड करून घ्या, पोस्टकार्डाएवढं, मोठ्या अक्षरात. एका बाजूला तुमचं नाव, दोन्ही विमानांचे नंबर, मुलाचा फोन, सांगलीचा फोन, औषधांची नावं. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत तीन-चार वाक्यं: मला इंग्रजी नीट बोलता येत नाही, कृपया सावकाश बोला, मला या विमानाच्या गेटवर जायचं आहे, मला बाथरूमला जायचं आहे, माझ्या मुलाला फोन लावून द्याल का? बोलायचं सुचलं नाही की कार्ड पुढं करायचं. मोबाईलमध्येही ठेवा, पण मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच मान टाकते. त्यासाठी पॉवर बँक न्याल तर ती हातातल्या बॅगेतच हवी, मोठ्या बॅगेत टाकलेली चालत नाही. आणि काही आखाती देशांत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, मेसेज मात्र जातो. कॉल लागला नाही म्हणून घाबरू नका, बोलून रेकॉर्ड करून पाठवा.

शिकागोहून निघताना एका गोष्टीनं गोंधळाल म्हणून आधीच सांगते. तिथं बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी नसतो. सुरक्षा तपासणी झाली की थेट गेट. आपलं काहीतरी राहिलं असं वाटून बायका मागं फिरतात. काही राहिलेलं नसतं. काऊंटरवर मोठ्या बॅगा दिल्यावर त्यांना जो कागदी पट्टा लावतात, त्यावर मोठ्या अक्षरात ‘बीओएम’ ही तीन इंग्रजी अक्षरं आहेत ना, हे स्वतः बघा. ती मुंबईची खूण. मधल्या विमानतळाची अक्षरं मोठी दिसली तर तिथंच विचारा. पट्ट्याची छोटी पावती पासपोर्टाच्या मागे चिकटवून देतात, ती घरी पोचेपर्यंत काढायची नाही.

मधल्या विमानतळाची उगाच एवढी धास्ती घेतलीत. मिरज जंक्शनला उतरून दुसरी गाडी पकडण्याचाच तो प्रकार आहे. फलाटाऐवजी गेट, आणि चहावाल्याऐवजी अत्तराची दुकानं. उतरलं की आधी पडद्यावर आपला विमान नंबर शोधायचा आणि गेट बघायचं. बहुधा पुन्हा एकदा तपासणी होते, तेव्हा पाण्याची बाटली रिकामी करावी लागेल. मग सरळ गेटपर्यंत जाऊन ते डोळ्यांनी बघून यायचं आणि नंतरच चहा प्यायचा. गेट कधीकधी बदलतं, म्हणून अधूनमधून पडदा बघायचा. दोहामार्गे आलात तर मधल्या चौकात सुमारे सात मीटर उंचीचं एक पिवळंधमक अस्वल बसवलंय, डोक्यात दिवा घुसलेलं. कलाकृती म्हणून त्यात काय पाहायचं ते मला आजवर कळलेलं नाही, पण खूण म्हणून झकास आहे. ‘मी अस्वलापाशी आहे’ म्हटलं की विमानतळावरच्या कुणालाही कळतं.

विमानात बसल्यावर पाय सुजतात, घसा कोरडा पडतो, डोकं जड होतं. त्यात आजारपण काही नाही. आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या इतका ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. म्हणजे तेरा-चौदा तास तुम्ही कळसूबाईच्याही वर बसलेल्या असता, आणि हवा तिथल्यापेक्षा कितीतरी कोरडी. पाणी मागत राहा, दर दोन तासांनी उठून मागच्या टोकापर्यंत चालून या, बसल्या बसल्या घोटे फिरवा. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून हे सांगते. बीपीची, साखरेची गोळी असेल तर ती कुठल्या घड्याळानुसार घ्यायची ते डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. विमानातल्या बाथरूमचं दार मधोमध दुमडतं, तेव्हा ओढत बसू नका, मध्यावर ढकला. कडी लावल्याशिवाय आतला दिवा पुरता लागत नाही, त्यामुळे अंधार बघून बाहेर पळायचं कारण नाही.

मुंबईत विमानं उतरतात ती बहुतेक अपरात्री. बॅग आली नाही तर बाहेर पडायचं नाही, मग ड्रायव्हरनं शंभर फोन केले तरी. तो थांबतो, त्याचे पैसे ठरलेले आहेत. बॅगा येतात त्या फिरत्या पट्ट्याजवळच त्या विमान कंपनीचा माणूस असतो, त्याच्याकडून हरवल्याची लेखी तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्यायचा. त्याला पीआयआर म्हणतात. एकदा काचेच्या दाराबाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत, आणि मग सांगलीत बसून फोन करत राहावं लागतं. मागच्या वेळचा मेटाकुटीचा प्रकार त्यातूनच झाला. बॅग आली पण फुटलेली असेल तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करता येते. बॅगेला लाल रिबीन बांधू नका, ती निम्म्या विमानाची असते. जुन्या इरकलीचा काठ फाडून बांधा. पट्ट्यावर तसली बॅग दुसरी निघायची नाही.

ड्रायव्हरबद्दल मात्र मी कडक आहे. संध्याकाळी सांगलीहून निघून, रात्रभर जागून, पहाटे तुम्हाला घेऊन लगेच उलट फिरणारा माणूस मला चालत नाही. झोप त्याला खंबाटकीच्या आसपास गाठते. त्याला आदल्या दुपारी येऊन झोपायला सांगा, नाहीतर पुण्यात कुणा नातेवाइकाकडे अंग टाका आणि दुसऱ्या दिवशी उजेडात पुढं जा.

शेजारच्या वहिनींना आदल्या दिवशी दार उघडायला सांगून ठेवा: खिडक्या उघडायच्या, टाकी भरायची, फ्रिज चालू करायचा, दूध आणायचं, शाळूचं पीठ दळून ठेवायचं. कुंडीतली तुळस वाळलेली असेल, त्याची तयारी ठेवा. पावसाळाभर बंद घराला कुबट वास येतो, पहिला नळ लालसर पाणी सोडतो, एखादं कपाट फुगून बसतं. कुणीतरी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकेल, पायांवर पाणी घालेल, आणि तुम्ही आत जाऊन चपला न काढताच गॅसची शेगडी पेटते का ते बघाल. मी दर वेळी हेच करते. स्वतःच्या भांड्यात, स्वतःच्या अंदाजानं साखर घातलेला तो पहिला चहा मला तरी शिकागोच्या कुठल्याही कॉफीपेक्षा थोर वाटतो. त्यात दूध नासकं निघालं तरी.

रात्री दोनला टक्क जाग येईल. शिकागोचं घड्याळ नोव्हेंबरात साडेअकरा तास मागं असतं, शरीराला ते उलटं करायला आठवडा-दीड आठवडा लागतो. दिवसा उन्हात बसा, दुपारी आडवं व्हायचा मोह टाळा. पहाटे तीनला भूक लागली तर पोहे करून खा, कुणाला विचारायचं नाही की कुणाची झोपमोड होत नाही. पाच-सहा दिवसांनी एखाद्या संध्याकाळी नातवाची आठवण येऊन घर खायला उठेल, तेही गृहीत धरा. तेव्हा त्याला व्हिडिओ कॉल लावा. त्याची सकाळ झालेली असेल, शाळेला निघायच्या घाईत असेल, दोन मिनिटं बोलेल आणि पळेल. ‘थांबले असते तर बरं झालं असतं’ असला विचार मात्र त्या संध्याकाळी करायचा नाही. डिसेंबरात ते सगळे तुमच्याकडेच येणार आहेत आणि तेव्हा तुमचं घर उघडं, गाद्या उन्हात घातलेल्या आणि डबे भरलेले असतील.

पार्सलचं: नाही म्हणा. औषधं असोत, नाहीतर देवाचा अंगारा. काऊंटरवर विचारतात, ‘बॅग तुम्ही स्वतः भरलीत का? दुसऱ्या कुणाचं काही आहे का?’ तिथं खोटं बोलायची वेळ येऊ नये, आणि आत काय निघालं त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो. बाईंना तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येत असेल तर मुलाचं नाव पुढं करा; ‘तो नको म्हणतो, अहो, भारी कडक आहे.’ एवढा त्रास दिलाय त्यानं थांब थांब म्हणून, तेवढी बदनामी सोसेल.